जलद फिल्म व सावळा चेहरा

छायाचित्रणाविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले गेले आहे त्याचे दोन वर्ग सहज पडतात. पहिल्या वर्गातील लेखन यंत्रांचे असते. त्यात भिंगांच्या व कॅमेऱ्यांच्या किमती, त्यांचे गुणदोष आणि वापरण्याच्या रीती सांगितलेल्या असतात. दुसऱ्या वर्गातील लेखन व्यक्तींचे असते. कोणत्या छायाचित्रकाराने कोणाकोणाचे फोटो काढले, आणि त्या थोर मंडळींनी त्या वेळी कोणते उद्गार काढले, हे त्यात वाचावयास मिळते. दोन्ही प्रकारच्या लेखनाचा उपयोग आहे. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न पडून राहतो. छायाचित्रकाराने जी सामग्री निवडली तिचा त्याच्या चित्रातील मनुष्याशी काय संबंध? कवीने अमुक विषयास अमुक वृत्त का योजले ह्याची चर्चा आपण कवितेच्या टीकेत करतो. क्षेमेंद्राने ज्यास औचित्य म्हटले त्याच्या कसोटीवर आपण शब्द, अलंकार, वृत्त ही सारी घासून पाहतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र सामग्रीची निवड दुकानदाराच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. मंद प्रकाशात मुखचित्र घ्यावयाचे तर फिल्म कोणती घ्यावी, हा प्रश्न टीकेच्याही कक्षेत येतो, आणि आपल्या वऱ्हाडात तो विशेषच येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोबाईलच्या ह्या काळात फिल्मची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, वडिलांच्या कपाटातील जुना कॅमेरा काढून त्यात फिल्म भरणारे तरुण अमरावतीस व अकोल्यासही आता दिसू लागले आहेत. आणि दुसरे असे की, मोबाईलमध्ये हा प्रश्न सुटलेला नसून केवळ झाकलेला आहे. रात्री काढलेला फोटो तो अनेक प्रती एकमेकींवर रचून उजळ करतो, गालावरील खळगे बुजवतो, आणि हे सर्व न विचारता करतो. फिल्म घेणाऱ्यास तोच निर्णय स्वतः, आगाऊ आणि पैसे मोजून घ्यावा लागतो. म्हणून त्या निर्णयाचे स्वरूप फिल्ममध्ये उघडे दिसते.

प्रथम एका रंगचित्राकडे पाहू. सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर ह्यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढलेले 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्याच्या छापील प्रती इतक्या घरांतून लागल्या आहेत की वाचकांस ते वर्णन करून सांगण्याची गरज नाही. चित्रासाठी उभी राहिलेली तरुणी ही चित्रकाराची कन्याच होती. एका हाती दिवा, दुसऱ्या हाताचा त्यास आडोसा, आणि ज्योतीपुढे धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश. चित्रकारास येथे एक सोय होती, ती अशी की ज्योत किती प्रखर व अंधार किती दाट हे प्रमाण त्याच्या कुंचल्याच्या अधीन होते. ज्योतीपासून दूर असलेला पदर त्याने हवा तेवढा दिसू दिला. हाच प्रसंग छायाचित्रात घ्यावयाचा म्हटला की ती सोय नाहीशी होते. ज्योत, बोटे, गाल, पदर आणि भिंत ह्या पाचांमधील प्रकाशाचे प्रमाण निसर्गाने ठरवून दिलेले असते, आणि त्यांतील कोठवरचा भाग टिकेल व कोठून पुढचा बुडेल हे फिल्म ठरवते. १९२० पूर्वी सर्रास वापरली जाणारी, तांबड्या रंगास आंधळी असलेली फिल्म घेतली असती तर त्या बोटांतील तांबूस झळाळी जवळजवळ काळी उमटली असती. म्हणजे चित्राचा आत्माच गेला असता. सामग्रीचा आशयाशी संबंध कसा असतो ह्याचे ह्याहून सोपे उदाहरण सुचत नाही.

आता 'जलद' म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. फिल्मच्या डबीवर १००, ४००, ३२०० असे अंक असतात. अंक दुप्पट झाला की तितक्याच चित्रास निम्मा प्रकाश पुरतो, आणि ह्या एका दुपटीस छायाचित्रकार एक स्टॉप म्हणतात. जर्मन पद्धतीत तीन अंक वाढले की वेग दुप्पट होई. पूर्व जर्मनीतून आपल्याकडे येणाऱ्या ऑर्वोच्या 'एनपी २२' व 'एनपी २७' ह्या फिल्मांच्या नावांतच हे अंक होते, आणि त्यांतील २७ म्हणजे आजचे ४००. भर दुपारच्या उन्हाच्या मानाने रात्री दिवा लावलेल्या खोलीतील प्रकाश सुमारे हजारपटीने कमी असतो, हे आपला डोळा आपणांस कळू देत नाही. अशा खोलीत भिंगाचे छिद्र एफ २ इतके मोठे उघडले, तरी १०० च्या फिल्मवर सेकंदाचा आठवा भाग शटर उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात हात हलतो, आणि हात न हलला तर समोरच्या मनुष्याची पापणी हलते. ४०० च्या फिल्मवर हाच काळ तिसाव्या भागावर येतो, १६०० वर सव्वाशेव्या भागावर. समईच्या वातीपाशी प्रकाश ह्याहूनही सात-आठपटीने कमी. तेथे १६०० च्या वेगासही सेकंदाचा पंधरावा भाग हवा. जलद फिल्मची गरज येथे उत्पन्न होते.

परंतु डबीवरचा अंक म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. १९६० साली अमेरिकन मानकात सुधारणा झाली आणि कृष्णधवल फिल्मांचे अंक जवळजवळ दुप्पट झाले. डबीतील फिल्म मात्र होती तीच राहिली. पूर्वीच्या अंकात चुकभुलीसाठी धरलेली जादा प्रकाशाची सवलत काढून टाकली, इतकेच. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ साली रोलमध्ये आली तेव्हा २०० ची होती, ती अशा रीतीने ४०० ची झाली. इल्फर्डची 'डेल्टा ३२००' ही मानकाप्रमाणे मोजली तर १००० च्या आसपास भरते, आणि कोडॅकची 'टी-मॅक्स पी ३२००' हीही ८०० ते १००० ची. पाकिटावर ३२०० लिहिण्यात कंपन्यांनी फसवणूक केली असे नाही, कारण तो अंक कोणत्या हिशेबाने दिला हे त्यांच्याच पत्रकांत नमूद असते; पण पत्रक वाचतो कोण?

मानकात वेग कशावरून ठरतो हे पाहिले म्हणजे ह्या लेखातील मुख्य मुद्दा हाती येतो. निगेटिव्हवर सावलीचा जो अगदी पहिला, जेमतेम ओळखू येणारा ठसा उमटतो, तो किती प्रकाशाने उमटला ह्यावरून कृष्णधवल फिल्मचा वेग मोजतात. म्हणजे वेगाचा अंक हा उजेडाविषयीचा नसून सावलीविषयीचा आहे. अमुक अंधारापर्यंत मी काही दाखवीन, त्यापलीकडे नाही, असे ते फिल्मचे वचन आहे. आता ४०० च्या फिल्मला १६०० समजून प्रकाश द्यावयाचा व पुढे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून भरपाई करावयाची, ह्या रीतीस 'पुश' करणे म्हणतात, आणि ती फार लोकप्रिय आहे. तिने उजळ भाग अधिक उजळ होतात, चित्र भरल्यासारखे दिसते. सावलीत मात्र फारसे काही नवे येत नाही. मायक्रोफेनसारखा खास डेव्हलपर घेतला तरी फार तर अर्धा-पाऊण स्टॉप हाती लागतो. ज्या रसायनकणांवर प्रकाश पडलाच नाही त्यांस डेव्हलपरमध्ये कितीही वेळ बुडवले तरी ते काय सांगणार? न पेरलेल्या शेतास पाणी देण्यासारखे ते आहे.

येथवरची माहिती कोणत्याही चांगल्या इंग्रजी पुस्तकात मिळेल. त्या पुस्तकांत जे सहसा मिळत नाही ते असे की, ही सावली कोणाच्या चेहऱ्यावर पडली आहे ह्यावर बरेच अवलंबून आहे. गोरी कातडी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे एकतृतीयांश परत फेकते. आपल्याकडील सावळी कातडी त्याच्या निम्मा, आणि उन्हात राबलेल्या काळ्यासावळ्या मनुष्याची त्याहूनही कमी. वऱ्हाडातील जुने घर डोळ्यांपुढे आणावे. वर धाबे, मातीच्या जाड भिंती, आणि उन्हाळ्याच्या झळा बाहेर ठेवण्यासाठी मुद्दाम लहान ठेवलेले झरोके. ढाळजेतून माजघरात गेले की भर दुपारीही डोळे स्थिरावण्यास वेळ लागतो. झरोक्याशी बसलेल्या आजीच्या चेहऱ्याची एक बाजू उजेडात व दुसरी अंधारात. दोन्ही बाजूंमधील फरक आठपटींचा, म्हणजे तीन स्टॉपचा, सहज असतो. गोऱ्या चेहऱ्याची अंधारी बाजू अशा वेळी फिल्मच्या वचनाच्या आत राहते. सुरकुत्या दिसतात, कानातले दिसते. सावळ्या चेहऱ्याची अंधारी बाजू त्याच प्रकाशात, त्याच फिल्मवर, आणखी एक स्टॉप खाली जाऊन वचनाच्या कडेशी टेकते. ४०० च्या फिल्मवर १६०० चा हिशेब लावून आणखी दोन स्टॉप प्रकाश कमी दिला की गोरा चेहरा कडेशी येतो, आणि सावळा चेहरा कडेवरून खाली पडतो. अर्धा चेहरा कोरा राहतो. लोक मग म्हणतात, आजी फोटोत चांगली येत नाही.

आजी फोटोत चांगली येत नाही, ह्या वाक्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मुंबईस १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉक्टर भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी ह्यांच्यासारखी मंडळी तीत सामील झाली, त्या काळच्या काचेच्या पट्ट्या केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशासच जाणत. त्यानंतर हिरवा रंग ओळखणाऱ्या फिल्मा आल्या. परंतु तांबूस व तपकिरी छटा, म्हणजे नेमका आपल्या कातडीचा रंग, त्यांस काळाच दिसे. दिव्याचा पिवळसर-तांबडा प्रकाश तर त्यांस जवळजवळ निरुपयोगी. मनुष्य होता त्याहून काळा उमटे, आणि मग स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने हलके हलके काम करून छापील चेहरा उजळ करी. कारण निगेटिव्हवर जे काळे ते कागदावर पांढरे. पुढे सर्व रंग जाणणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली व कारण नाहीसे झाले, तरी पेन्सिल राहिलीच. मुलीचे स्थळ पाहताना पाठविण्याचा फोटो हा ह्या पेन्सिलीचा मोठा आश्रयदाता. पंढरीच्या सावळ्या मूर्तीपुढे ज्याचे डोळे भरून येतात तोच गृहस्थ सुनेच्या फोटोत गोरेपण शोधतो, ह्या विसंगतीवर आपल्याकडे विनोदही पुरेसे झालेले नाहीत.

हा दोष केवळ आपल्या समाजाचा, असेही म्हणता येत नाही. रंगीत फिल्मच्या छपाईचे प्रमाण ठरविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांस जे नमुनाचित्र पुरवीत असे, त्यात अनेक दशके एक गोरी स्त्री असे. 'शर्ली कार्ड' ह्या नावाने ते प्रसिद्ध आहे. तिची कातडी बरोबर उमटली की सर्व जग बरोबर उमटले, अशी समजूत. गडद तपकिरी रंगांच्या छटा नीट उमटाव्यात ह्यासाठी पुढे सुधारणा झाल्या. त्यांच्या कारणांत चॉकलेटच्या व लाकडी सामानाच्या कारखानदारांच्या तक्रारींचाही वाटा होता, असे ह्या इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. माणसांच्या आधी चॉकलेटाची दाद लागली, हे वाचून हसावे की काय करावे ते कळत नाही.

जलद फिल्मवर एक ठराविक आक्षेप घेतला जातो, तो रवाळपणाचा. जलद फिल्ममधील रुप्याच्या क्षाराचे कण मोठे असतात. मोठ्या कणावर प्रकाश पडण्याचा संभव अधिक, म्हणूनच ती जलद. पण मोठे केलेल्या चित्रात त्या कणांचे पुंजके डोळ्यांस दिसू लागतात. तूप रवाळ असले तर आपण त्यास उत्तम म्हणतो. चित्र रवाळ असले की नाक मुरडतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. लहान मुलाच्या गालावर, किंवा विस्तीर्ण मोकळ्या भिंतीवर, हा रवा त्रास देतो. परंतु त्यावर उपाय आहेत. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा १२० रोलवरील चौरस निगेटिव्हचे क्षेत्रफळ साडेतीनपटींहून अधिक असते, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या कागदावर रवा बराच बारीक दिसतो. मात्र यशिकामॅटसारख्या त्या कॅमेऱ्यांचे भिंग एफ ३.५ च्या पुढे उघडत नाही, आणि निगेटिव्हच्या आकारात मिळविलेले थोडेफार भिंगात गमवावे लागते. उलट लहान कॅमेऱ्याचे ५० मिलिमीटरचे भिंग एफ २ वर उघडून पाच फुटांवरून चेहरा घेतला, तर जेमतेम चार इंचांची खोली स्पष्ट येते. डोळे नेमके साधले तर कान विरघळतात. फुकट काहीच मिळत नाही.

पण आक्षेपाचे खरे उत्तर तांत्रिक नाही. रवा टाळण्यासाठी लोक काय करतात ते पाहावे. ते कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडवतात. माजघर नाहीसे होते, झरोका नाहीसा होतो, आजीमागे भिंतीवर एक काळी कडा उभी राहते, आणि तिच्या चेहऱ्यावर दचकलेला भाव उमटतो. चित्र स्वच्छ येते खरे, परंतु ते कोणाचे? ज्या उजेडात त्या घराने तिला पन्नास वर्षे पाहिले तो उजेड त्यात नाही. कलकत्त्यास जन्मलेल्या व सिंहलद्वीपात वारलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ह्या इंग्रज बाईंनी १८६० नंतरच्या दशकात अत्यंत मंद काचपट्ट्यांवर मुखचित्रे घेतली. समोरच्या मनुष्यास कधी कधी मिनिटांच्या हिशेबाने स्थिर बसावे लागे, तो अर्थातच किंचित हले, आणि त्या काळच्या परीक्षकांनी त्या अस्पष्टतेबद्दल त्यांची थट्टा केली. आज त्याच अस्पष्टतेस लोक श्वासोच्छ्वासाची खूण मानतात. 'ऑब्झर्व्हर' पत्राच्या जेन बाउन ह्यांचे उदाहरण अधिक उपयोगाचे आहे. त्या जलद कृष्णधवल फिल्म घालीत, शटर साठाव्या भागावर व छिद्र एफ २.८ वर बहुधा कायम ठेवीत, आणि आपल्या हाताच्या पाठीवर पडलेला प्रकाश पाहून समोरच्या मनुष्यास खिडकीच्या जवळ किंवा दूर सरकवीत. यंत्र त्या हलवीत नसत, मनुष्य हलवीत. सॅम्युएल बेकेटचे १९७६ सालचे त्यांचे मुखचित्र पाहिले म्हणजे रव्याविषयी बोलण्याची इच्छाच उरत नाही.

आता आपल्याकडील दोन छायाचित्रकारांकडे वळू. गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) ह्यांच्या मुखचित्रांशी मराठी वाचक परिचित आहेत; 'फेसेस' हा त्यांचा संग्रह १९९७ सालचा. चेहऱ्यावर सर्वत्र पसरणारा मऊ प्रकाश हे त्यांच्या शैलीचे मर्म. प्रकाश स्वतः रचावयाचा असला की मंद व बारीक रव्याची फिल्म पुरते. कातडी रेशमासारखी उमटते, डोळ्यांत चमक येते, आणि मनुष्य स्वतःस जसा पाहू इच्छितो तसा दिसतो. ह्या कामातील कौशल्य फार मोठे आहे. तरी त्यांची चित्रे ओळीने पाहताना असे वाटू लागते की ही सर्व माणसे एकाच घरात राहतात व त्या घरात कधी संध्याकाळ होत नाही. नटनट्यांच्या बाबतीत ते शोभते, किंबहुना तेच उचित, कारण नटाचे घर म्हणजे प्रकाशाचा झोतच. पण त्यांचे अनुकरण करणाऱ्या गावोगावच्या स्टुडिओंनी तोच प्रकाश शिक्षकावर, शेतकऱ्यावर आणि साठी उलटलेल्या बाईवर पाडला, तेव्हा औचित्य सुटले.

सुधारक ओलवे हे १९६६ साली अकोल्यास जन्मलेले. १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्रीय छायाचित्रकार म्हणून त्यांनी काम केले, आणि मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या त्यांच्या कृष्णधवल चित्रमालिकेने त्यांचे नाव देशाबाहेर गेले. २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या 'ऑल रोड्स' पुरस्काराच्या चार मानकऱ्यांत ते होते. २०१६ साली पद्मश्री मिळाली. ह्या मालिकेतील माणसे गटाराच्या भुयारात उतरतात, कचऱ्याच्या ढिगाऱ्यात कमरेइतकी उभी राहतात, आणि काम संपल्यावर अंधाऱ्या खोल्यांत परततात. ती जवळजवळ सर्व सावळी किंवा काळी आहेत, आणि तीही अशा जागी की जेथे उजेड वरच्या एका भोकातून येतो. वर मांडलेला हिशेब येथे अगदी टोकास जातो. अंधारी कातडी, अंधारी जागा, आणि अंगावर काळा चिखल. तिन्ही सावल्या एकीत एक मिसळलेल्या.

असा विषय घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. झोत टाकून सारे उघडे करावे. तेव्हा घाण दिसते व मनुष्य हरवतो, पाहणारा नाक दाबून पुढे जातो. किंवा पुश करून काळे अधिक काळे होऊ द्यावे. तेव्हा एक नाट्यमय आकृती उरते, ती भिंतीवर टांगण्यास छान दिसते, पण तिला नाव-गाव राहत नाही. तिसरी वाट अवघड आहे. तीत अंधार अंधारच राहतो, परंतु त्याच्या आत चेहरा वाचता येतो. ओलवे ह्यांच्या उत्तम चित्रांचा प्रयत्न ह्या तिसऱ्या वाटेचा आहे असे आम्हांस वाटते. त्यांतील मनुष्याच्या डोळ्यांखाली सावली आहे, पण त्या सावलीतही डोळ्याचा कल कळतो. तो आपणांकडे पाहतो आहे की आपणांस टाळतो आहे, हे समजते. ज्यास समाजाने पाहण्याचेच नाकारले त्या मनुष्याच्या बाबतीत एवढी गोष्ट लहान नव्हे. हातात खराटा घेऊन गावे झाडीत हिंडणाऱ्या, आणि १९५६ साली वलगावजवळ देह ठेवणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखातून आलेल्या छायाचित्रकाराने हा विषय निवडावा, ह्यात योगायोगापेक्षा अधिक काही असावे. तथापि मालिकेतील सर्वच चित्रे सारख्या योग्यतेची नाहीत. काहींत करुणा आधी येते व मनुष्य मागून. जेथे कामगार घरात, स्वस्थ बसलेला आहे, ती चित्रे भुयारातील चित्रांपेक्षा आम्हांस सरस वाटतात. तेथे पाहणाऱ्यास धक्का देण्याची सोय नसते, आणि चेहऱ्यासच सारे सांगावे लागते.

मग फिल्म कोणती घ्यावी? प्रथम सांगावयाचे ते हे की, दिवसा झरोक्याच्या उजेडात बसलेल्या सावळ्या चेहऱ्यास ४०० ची फिल्म ४०० च्याच हिशेबाने, शक्य तर २५० च्या हिशेबाने, वापरावी. इल्फर्डची एचपी ५ प्लस ही १९८९ पासूनची फिल्म ह्या कामास उत्तम. तिचा स्वभाव मवाळ आहे, उजळ बाजू ती लवकर पांढरी फटफटीत करीत नाही, त्यामुळे सावलीसाठी प्रकाश जास्त देण्यास भीती वाटत नाही. ट्राय-एक्स थोडी अधिक करारी. मीटर चेहऱ्याच्या अंधाऱ्या गालाशी नेऊन मोजावे, आणि तेथे दाखवील त्याहून दीड-दोन स्टॉप कमी द्यावे. इतके कमी दिले तरी सावली वाचता येते व तिचा काळेपणाही राहतो. पुष्कळांची सवय उजळ गालावरून मोजण्याची, आणि ती गोऱ्या चेहऱ्यांच्या पुस्तकांतून आलेली आहे.

रात्री, दिव्याच्या खोलीत, ४०० ची ओढाताण करण्यापेक्षा जन्मजात जलद फिल्म घ्यावी. डेल्टा ३२०० किंवा पी ३२०० ह्यांस ३२०० न समजता १००० किंवा १२५० समजावे. पी ३२०० ही कोडॅकने २०१२ साली बंद केली व २०१८ साली पुन्हा आणली, यावरून तिचे चाहते किती हट्टी आहेत ते दिसते. खरा सव्वापट-दीडपट स्टॉप येथे सावलीत मिळतो, आणि आपल्या हिशेबात तो दीड स्टॉप म्हणजेच चेहऱ्याची दुसरी बाजू. रवा येईल. येऊ द्यावा. भिंत साध्या गेरूच्या किंवा शेणामातीच्या लिंपणाची असली तर तो रवा तिच्यात मिसळूनही जातो. पांढऱ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र तो बोचतो. शिवाय दिवा हलविण्याचा उपाय विसरू नये. मनुष्य दिव्यापासून चार फुटांवर आहे तो दोन फुटांवर बसविला की प्रकाश चौपट होतो, म्हणजे फिल्म न बदलता दोन स्टॉप फुकट. वर फुकट काही मिळत नाही असे म्हटले, त्यास एवढा अपवाद आहे. तरी दिवा जवळ आणल्याने सावल्या अधिक तीव्र होतात, म्हणून दुसऱ्या बाजूस एखादे धुतलेले पांढरे धोतर धरावे. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना चालू होता तोपर्यंत 'इंदू' नावाची स्वदेशी फिल्म तालुक्याच्या गावीही मिळे. तो बंद पडल्यावर आता सारा माल बाहेरून येतो आणि एका रोलची किंमत ऐकून दोनदा विचार करावा लागतो. त्यामुळे हिशेब चुकविणे परवडत नाही.

वऱ्हाडापुरती आणखी एक अडचण आहे, ती उन्हाळ्याची. जलद फिल्म उष्णतेने लवकर बिघडते. नुसती ठेवली तरी तीवर हलके धुके चढते, आणि हे धुके प्रथम सावलीच खाते. पारा ४५ अंशांपलीकडे जातो अशा वैशाखात अकोल्यास कपाटात ठेवलेली ३२०० ची फिल्म आषाढात वापरणे म्हणजे सावळ्या चेहऱ्यावर पुन्हा अन्याय करणे. ती शीतकपाटात ठेवावी व वापरण्यापूर्वी दोन तास बाहेर काढावी, नाहीतर तीवर दव धरते. धुण्याचे तेच. डेव्हलपरच्या वेळा २० अंश तापमानासाठी दिलेल्या असतात, आणि उन्हाळ्यात आपल्या टाकीतील पाणी ३० अंशांच्या वर असते. त्यात जिलेटिन फुगते, रवा भरमसाट वाढतो, आणि वेळ इतका थोडा उरतो की फिल्म सगळीकडे सारखी धुतली जात नाही. बर्फ टाकून तापमान उतरविता येते, परंतु डेव्हलपर, थांबवणी, हायपो व शेवटची धुणी ही चारही एकाच तापमानाची हवीत. एक थंड व दुसरे गरम झाले तर जिलेटिनास बारीक सुरकुत्या पडतात. माठातील पाणी ह्या कामी चांगले, कारण ते एकदम गार न होता सावकाश उतरते व टिकते. घाई नसेल तर घेतलेले रोल शीतकपाटात जपून मार्गशीर्ष-पौषात धुवावेत. त्या दिवसांत सकाळचे नळाचे पाणी आपोआप २० अंशांच्या आसपास असते, आणि ऊन कललेले असल्यामुळे झरोक्यातून ते माजघरात पार पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहोचते.